भांडखोरांना प्रवेश नाही

सर्व सुज्ञ वाचकांस कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, साठ सालानंतरच्या एका मे महिन्यात, बंगळूरच्या उत्तर टोकाला येलहंक्याच्या अलीकडे, दोन भाषिक समाजांत धुमसत असलेला संघर्ष विचारविनिमय, समूहगीते आणि लिंबाचे सरबत यांच्या साहाय्याने कायमचा मिटवण्यात आला. या ऐतिहासिक प्रसंगी मी जातीने हजर होते. नुसती हजर नव्हे, संघर्षाच्या दोन मूळ कारणांपैकी एक कारण मीच होते. सर्वांनी कृपया उभे राहावे.

बसा आता. कारण खरी गोष्ट अशी, की तिथे दोन भाषिक समाज नव्हतेच. संघर्षही नव्हता. सरबत होतं, पण त्यात साखर नव्हती. आज पन्नाशी उलटून गेली, नातवंडं अंगाखांद्यावर खेळायला लागली, तरी या शिबिराचा विषय निघाला की मी हातातला चहाचा कप बशीवर आपटते. घरचे लोक हळूच बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवतात. मी बिस्किटं खाते आणि पहिल्यापासून सांगते.

आम्ही एका सरकारी कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. बाबा इंजिनियर, पुण्याहून आलेले. कॉलनीत मराठी घरं बरीच, त्यामुळे अर्थातच एक मराठी मंडळ होतं, आणि मंडळ होतं म्हणून अर्थातच त्याला एक सेक्रेटरी होते. हेच गृहस्थ कारखान्याचे वेल्फेअर ऑफिसर. म्हणजे दिवसा कामगारांचं कल्याण आणि संध्याकाळी मराठी माणसाचं. त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. दुसरे शब्द मला येत नाहीत असं मात्र समजू नका.

कॉलनीच्या मागे उभ्या दगडी पट्ट्यांचं कुंपण होतं. त्याच्या पलीकडे तांबड्या मातीचं मैदान, आणि मैदानाच्या पलीकडे येलहंक्याची जुनी वस्ती. मैदान कुणाचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, म्हणून ते सगळ्यांचं होतं. तिथे आम्ही मुली थ्रोबॉल खेळायचो. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: मध्ये व्हॉलीबॉलसारखंच जाळं, पण चेंडू बडवायचा नाही. झेलायचा आणि झेलल्या झेलल्या पलीकडे भिरकवायचा. हातात धरून विचार करत बसलात, तर गुण समोरच्यांना. विचार न करता खेळायचा खेळ असल्यामुळे मी त्यात फार चांगली होते.

माझ्याहून चांगली एकच होती. वस्तीच्या संघाची कप्तान. वयाने माझ्याएवढीच, हात लांब आणि जीभ त्याहून लांब. मी तिला ‘येलहंका’ म्हणायची, ती मला ‘कॉलनी’ म्हणायची. आईवडिलांनी ठेवलेली नावं आम्ही एकमेकींसाठी कधी वापरलीच नाहीत. तिचं घर शिंप्याचं. वडील गेलेले, दुकान थोरला भाऊ बघायचा. सगळे त्याला अण्णा म्हणत. यांचे आणि वस्तीतल्या बऱ्याच घरांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आले. फौज परत गेली, हे राहिले. घरात अजून मराठीच बोलायचे. म्हणजे त्यांची मराठी. दहीभातात डाळिंबाचे दाणे असावेत तसे तिच्यात कानडी शब्द. मला ती ऐकायला फार आवडायची, अगदी ती मला शिव्या देत असतानाही.

त्या दिवशी ती देतच होती.

“धरलास! चेंडू धरलास तू!” मी ओरडले.

“कुठं धरली मी? डोळं तपासून घे जा गे, कॉलनी! आणि तुझा पाय रेघेवर होता ते?”

“माझा पाय? माझा पाय?”

“तुझाच की! दुसऱ्या कुणाचा एवढा मोठा हाय इथं?”

यावर सभ्य माणसाला करण्यासारखं एकच होतं. मी जाळ्याखालून पलीकडे गेले. तिने माझी वेणी धरली, मी तिची धरली, दोघी खाली आलो आणि जाळं आमच्या अंगावर आलं. ते फाटलं. माझं कोपर सोलवटलं. बाकीच्या मुलींनी गोल करून दोन्ही बाजूंना भरपूर प्रोत्साहन दिलं.

मग तिनेच मला विहिरीवर नेऊन कोपर धुतलं. मी फ्रॉकच्या खिशातून कैरी काढली, तिने पदराच्या टोकातली तिखटमिठाची पुडी सोडली. एक फोड तोंडात टाकून ती म्हणाली, “स्वल्प धरली होती गे मी. स्वल्पच.”

“माहीत आहे मला,” मी म्हणाले. “आणि माझा पाय होता रेघेवर.”

संपलं. दिवेलागणीच्या आत युद्ध पेटलं, लढून झालं, तह झाला आणि मेजवानीही उरकली. जगातल्या मोठ्या लोकांनी यातून काही शिकायचं होतं, तर ते या क्षणी विहिरीवर यायला हवे होते. साहेब मात्र जाळं आमच्या अंगावर पडलं तेव्हा स्कूटरवरून कुंपणाजवळून जात होते, आणि त्यांनी तेवढंच पाहिलं.

त्या काळी वर्तमानपत्रांत मराठी-कानडी सीमेच्या वादाशिवाय दुसरं काही नसे. साहेब ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत. कॉलनीची एक मराठी मुलगी आणि वस्तीची एक मुलगी मातीत लोळताना दिसल्याबरोबर त्यांच्या डोक्यात अग्रलेख तयार झाला. संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला आले.

“हे साधं नाही,” ते बाबांना म्हणाले. “हे भाषिक तेढीचं लक्षण आहे.”

“पोरींची झोंबाझोंबी आहे हो,” बाबा म्हणाले.

“पोरींच्या तोंडून समाज बोलत असतो.”

“समाज नाही, साहेब,” मी दाराआडून म्हटलं. “मीच बोलत होते. आणि ते मिटलंसुद्धा.”

“काय गं, मोठ्यांच्या मध्ये बोलायची पद्धत आहे का तुमच्याकडे?” असं म्हणून साहेबांनी चहा बशीत ओतला आणि शिबिराची घोषणा केली. युवती सद्भावना शिबिर. सुट्टीत, कॉलनीच्या हॉलमध्ये. उत्तरेकडून एक अनुभवी बाई येणार, त्या वह्यापुस्तकं न घेता, खेळातून आणि गोष्टींतून तरुणांना शांततेनं राहायला शिकवतात. कल्पना उत्तम होती. आजही मी म्हणते उत्तम होती. शाळेत आम्हाला लढायांच्या सनावळ्या शिकवत. न लढता कसं राहावं याचा तास कुणी घेतला नव्हता. मी तर टाळ्याच वाजवल्या.

मग नियम बाहेर आला. शिबिरात प्रवेश फक्त चांगल्या वर्तणुकीच्या मुलींना. भांडखोरांना प्रवेश नाही, कारण त्यांच्यामुळे शांतता बिघडेल.

पुन्हा वाचा. मी तेव्हापासून वाचतेच आहे. दवाखाना काढायचा आणि दारावर पाटी लावायची की आजाऱ्यांनी आत येऊ नये! ज्या मुलींनी जन्मात कुणाला चिमटा काढला नव्हता, त्यांना आठवडाभर बसवून चिमटा न काढायला शिकवायचं!

आता तुम्ही विचाराल, मग मला प्रवेश कसा मिळाला? माझे वडील इंजिनियर होते, असा मिळाला. शिवाय मला कानडी चांगलं येत होतं, म्हणून माझी नेमणूक दुभाषी म्हणून झाली. वेणी दोघींनी धरली होती, सारख्याच जोराने धरली होती. माझ्या बाबतीत त्याला ‘उत्साह’ म्हटलं गेलं. तिच्या बाबतीत साहेबांनी कारखान्याच्या गेटवर चारचौघांत सांगितलं, “ती शिंप्याची पोरगी म्हणजे निव्वळ गुंड आहे.” हे त्यांनी मराठीत सांगितलं. शेजारी अण्णा उभा होता. कामगारांच्या गणवेशाची मापं घ्यायला तो नेहमी यायचा, आणि साहेब त्याच्याशी नेहमी मोडक्या कानडीत बोलायचे. शिंप्याला मराठी कुठून कळणार, अशी त्यांची खात्री होती.

अण्णाने मापं पूर्ण घेतली. टेप गळ्यात अडकवला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मी आईच्या ब्लाउजचं कापड घेऊन दुकानात गेले. येलहंका आतल्या बाजूला बसून काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, “स्वल्प थांब गे. एवढं काज होऊ दे.”

काज झालं. मग तिने सांगितलं. मैदान बंद. आणि जूनमध्ये शाळाही बंद. तिच्या घरातली दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी ती. पुढच्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेला बसणार म्हणून सगळ्या वस्तीला सांगून ठेवलेलं.

“अण्णा,” मी मशीनकडे वळून म्हटलं, “अहो, पण तिने काही केलं नाही. म्हणजे केलं, पण मीही केलं.”

अण्णाने मशीन थांबवलं. रागावलेला नव्हता तो. रागावला असता तर बरं झालं असतं. “तू इंजिनियरसाहेबांची लेक. तुला कोण काय म्हणतंय? माझ्या भैणीला गेटावर गुंड म्हटलं. उद्या तिला शाळेला धाडतो, बाजूनं चार लोक म्हणतील, ती बघ, गुंड चालली. नको आमाला. ज्यांनी तोंडानं तिला गुंड म्हटलं, त्यांनीच चार लोकांत तोंडानं तिला बोलवू दे. मग शाळा, मग खेळ. सरी?”

“सरी,” मी म्हटलं. ठीक आहे, यापलीकडे दुसरं काय म्हणणार? मागणी अगदी रास्त होती आणि साहेबांना ओळखत असल्यामुळे ती अशक्य आहे हेही मला दिसत होतं.

शिबिर सुरू झालं. हॉलमध्ये दोन सतरंज्या, मध्ये वाट. डावीकडे ‘मराठी भगिनी’, उजवीकडे ‘कन्नड भगिनी’, असे दोन फलक. उजवीकडे वस्तीतल्या निवडक गरीब गाई बसलेल्या, आणि त्या एकमेकींत काय बोलत होत्या? मराठी! “अक्का, स्वल्प सरक की,” वगैरे. साहेबांनी ते ऐकलं. मला वाटलं, झालं, आता कळेल. साहेब बाबांना म्हणाले, “बघा, शेजाराचा परिणाम! आपल्या मुलींकडून किती चटकन मराठी उचलली!”

“साहेब,” मी म्हटलं, “त्यांच्या घरी मराठीच आहे. आपण यायच्या आधीपासून आहे.”

“बाळ, तुला तसं वाटतं. माझा भाषेचा अभ्यास आहे.”

तीनशे वर्षं, आणि याने एका वाक्यात ती आमच्या खात्यावर जमा करून टाकली! मी त्या दिवशी जेवले नाही. म्हणजे दुपारी जेवले नाही. संध्याकाळी चित्रान्न होतं, लिंबू पिळलेला फोडणीचा भात.

बाई आल्या. पांढरं खादीचं पातळ, गळ्यात शिट्टी, पायांत कॅनव्हासचे बूट. आम्ही त्यांना बहनजी म्हणायचो. त्या हिंदीत बोलायच्या. मी त्याचं डावीकडच्यांसाठी मराठी करायचे, ते उजवीकडच्यांना समजायचं आणि त्या हसायच्या. मग मी उजवीकडे वळून कानडी करायचे, तेव्हा त्या सभ्यपणे पुन्हा हसायच्या. एकाच विनोदाला दोनदा हसायची ती शिस्त आमच्या शिबिराची खरी कमाई. बहनजींना वाटायचं, या मुली फारच आनंदी आहेत.

पण बाई लेच्यापेच्या नव्हत्या, हे मी कबूल करते. डोळे बांधून मैत्रिणीच्या हाताने हॉलभर फिरायचं, सुताचा गुंडा एकीकडून दुसरीकडे टाकून जाळं विणायचं, असे त्यांचे खेळ. चांगले होते. मग एक दिवस त्यांनी अवघड खेळ काढला. प्रत्येकीने समोरच्या बाजूची तक्रार उभं राहून सांगायची, पण ‘मी’ म्हणून सांगायची. जणू ती तक्रार आपलीच. मध्ये थांबायचं नाही, खुलासा करायचा नाही.

आमच्या गुणी मुली उठून उठून सांगू लागल्या. “मी कन्नड भगिनी आहे. मला वाटतं, तुम्ही आमचं सांबार गोड करता.” “मी मराठी भगिनी आहे. मला वाटतं, तुम्ही फार तिखट खाता.” भांडणच नव्हतं, तर बिचाऱ्या आणणार कुठून? बहनजींचं तोंड उतरत चाललं. शेवटी त्या मला म्हणाल्या, “दुभाषी, आता तू.”

मी उभी राहिले. आणि माझ्या तोंडून येलहंकाची मराठी आली.

“मी स्वल्पच चेंडू धरली होती. वेणी दोघींनी धरली. ती आत बसली हाय, मी दुकानात काजं करतें. मला गुंड म्हटलंय. जूनला माझी शाळा बंद. भांडण कशाचं झालं म्हणून मला कुणी विचारलं नाही.”

उजव्या सतरंजीवर कुणी हसलं नाही. बहनजींना शब्द कळले नसावेत, पण शांतता कळली. त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि हिंदीत विचारलं, “भांडण कशावरून झालं होतं?”

ऐका हो ऐका! एवढ्या सगळ्या वडीलधाऱ्यांत हा प्रश्न विचारणारं हे पहिलं माणूस. मी सगळं सांगितलं. चेंडू, रेघ, कैरी, गेट. भाषेचं सांगितलं तेव्हा त्यांनी शिट्टी तोंडात धरली, बहुतेक हसू दाबायला. त्यानंतर मात्र त्या लाल झाल्या आणि थेट साहेबांच्या ऑफिसात गेल्या. मी दुभाषी असल्यामुळे मागोमाग गेले. तिथे दुभाष्याची काही गरज नव्हती.

“भांडणारी मुलगी मला शिबिरात हवी,” बहनजी म्हणाल्या.

“मॅडम, हे शांततेचं शिबिर आहे.”

“म्हणूनच.”

“समारोपाला जनरल मॅनेजर येताहेत. दोन समाजांचा कार्यक्रम छापून झालाय. आता ते एकच आहेत म्हणून कसं चालेल?”

हे वाक्य मी काही जोडलेलं नाही. समाज एक असला तर यांची पत्रिका वाया जाणार, म्हणून समाजाने दोन व्हावं!

साहेबांच्या मागे भिंतीवर एक फोटो होता. पुण्याच्या कॉलेजातला व्हॉलीबॉलचा संघ, मध्ये ढाल, आणि ढालीशेजारी केसवाले साहेब. तो फोटो बहनजींनी बराच वेळ पाहिला. मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, समारोपाला गाण्याऐवजी मैत्रीचा सामना ठेवला तर? पंच म्हणून साहेबांसारखा जुना खेळाडू असताना?

साहेब खुलले. पण त्यांनी अटी घातल्या. संघ मिसळलेले. गुण मोजायचे नाहीत, कारण गुण आले की तेढ आली. हरकत घ्यायची नाही. जोरात फेकायचं नाही. आणि ते फाटलेलं जाळं शिंप्याकडे दुरुस्तीला पाठवून द्यायचं.

जाळं कुणी शिवलं असेल ते सांगायला नको. मी दुकानावरून गेले तेव्हा ती मांडीवर घेऊन बसली होती. “बघ गे कॉलनी,” ती म्हणाली, “तुझं डोकं शिरलं होतं ते भोक हे. माझं स्वल्प लहान हाय.”

समारोपाच्या दिवशी मैदानावर मांडव, खुर्च्या, हार. जनरल मॅनेजर आले. जाळं घेऊन अण्णा आला. जाळं लांब, एकट्याला आवरेना, म्हणून दुसरं टोक धरून येलहंका आली होती. बांधून झाल्यावर ती दगडी कुंपणाला टेकून उभी राहिली. एक खांब हलत होता, तो धरून अण्णा तिथेच थांबला. साहेबांनी त्याला कानडीत सांगितलं, घट्ट धर. तो हो म्हणाला.

सामना सुरू झाला. परमेश्वरा, असा सामना शत्रूवरही येऊ नये!

“टाकू का हो?”

“टाका ना.”

“घ्या हं.”

“अय्या, पडला. असू दे, तुम्हीच घ्या परत.”

चेंडू ताटात पुरणपोळी वाढावी तसा इकडून तिकडे जात होता. कुणी तो धरून ठेवत होतं, कुणी रेघेवर उभं राहत होतं, आणि कुणी काही म्हणत नव्हतं, कारण म्हणायची बंदी. मी खेळात होते. एकदा जोरात फेकला तर माझ्याच बाजूच्या मुली दचकल्या. जनरल मॅनेजर घड्याळ बघू लागले. मांडवात बायका स्वेटरच्या विणीबद्दल बोलू लागल्या.

मी मात्र साहेबांकडे बघत होते. पंचाच्या स्टुलावर बसलेला तो माणूस आतून उकळत होता. चेंडू धरला गेला की त्यांचा हात शिट्टीकडे जायचा आणि अट आठवून परत यायचा. पाय स्टुलावर आपटत होता. पुण्याच्या कॉलेजातला तो केसवाला मुलगा हळूहळू वर येत होता. चेंडू एका गुणी मुलीच्या हातात गेला, तिने तो छातीशी धरला आणि समोरच्या मैत्रिणीला विचारलं, “तुमचं कोपर दुखत नाही ना?” साहेबांच्या मानेची शीर फुगली. आणि नेमक्या त्याच वेळी, कुंपणाजवळून, कुणालाही न घाबरता, एक आवाज आला: “अगे, धरलीस की! सोड ती!”

साहेब उठून उभे राहिले. स्टूल मागे पडलं. त्या जूनमध्ये येलहंका शाळेत गेली, बोर्डाला बसली, आणि नंतर तिच्या शाळेच्या संघाने आमच्या मल्लेश्वरमच्या शाळेला असं धुतलं की आमच्या ड्रिल टीचरनी बसमध्ये सगळ्यांशी बोलणं टाकलं. ते सगळं ज्या वाक्यामुळे घडलं, ते या क्षणी फुटलं. जनरल मॅनेजर ऐकत होते, सगळा मांडव ऐकत होता, खांब धरलेला अण्णा तर शब्दन् शब्द ऐकत होता. शुद्ध मराठीत, दोन्ही हात वर करून, साहेब कुंपणाकडे बघून गरजले:

“अरे, ती भांडणारी पोरगी बाहेर काय करतेय? बोलवा तिला आत, नाहीतर मी हा खेळ बघून मरेन!”